बैठक सणापुरती, काम वर्षभराचं

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की बेळगाव, निपाणी, खानापूर, संकेश्वर, कुठल्याही पोलीस ठाण्यात जा, चित्र एकच. आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. पुढच्या रांगेत मंडळांचे अध्यक्ष, जमातीचे प्रमुख, देवस्थान पंच, एखादे निवृत्त गुरुजी, दोन-तीन माजी नगरसेवक. साहेब कन्नडमध्ये सुरुवात करतात, समोरचे चेहरे बघून मध्येच मराठीवर येतात, एखादं वाक्य हिंदीत टाकतात. विसर्जनाचा मार्ग ठरतो, डॉल्बीच्या आवाजावर वाद होतो, मशिदीसमोर वाद्यं थांबवायचं कबूल होतं. चहा होतो, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शांतता समितीची बैठक खेळीमेळीत पार पडल्याची बातमी येते.

अशा बैठकांना मागच्या खुर्चीवर बसून मी एक गोष्ट नेहमी मोजत आलो आहे. तिथे पंचविशीच्या आतला माणूस शोधावा लागतो. ज्या पोरांच्या धास्तीने बैठक बोलावलेली असते, ती पोरं त्या वेळी चौकात गाडीवर बसून मोबाइल बघत असतात. त्यांना बोलावणं गेलेलं नसतं, आणि गेलं असतं तरी तिथे त्यांच्याशी कुणी बोललं नसतं. त्यांच्याविषयीच बोललं गेलं असतं.

तरुणांची हिंसा कमी करण्यासाठी समाजाने स्वतः काय केलं, कुठे जमलं, कुठे फसलं आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात त्यातलं काय लागू पडेल, याचा आढावा घ्यायचा तर या रिकाम्या खुर्चीपासून सुरुवात करावी लागते.

हिंसेचे चार चेहरे

‘तरुणांची हिंसा’ या शब्दाखाली आपल्याकडे चार वेगळ्या गोष्टी येतात. त्यांची गल्लत केली की उपायही चुकतात.

पहिली भाषेची आणि सीमेची. १७ जानेवारी १९५६ चे सीमालढ्याचे हुतात्मे, १९८६ च्या जूनमधलं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन आणि त्यातला गोळीबार, २०१४ च्या जुलैमध्ये येळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक हटवताना गावकऱ्यांवर झालेला लाठीमार. हा इतिहास इथल्या घराघरात आहे. महाराष्ट्राने २००४ साली सीमाप्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज मतदार आहेत आणि दावा अजून उभा आहे. न्यायालयातली लढाई संथ आणि रस्त्यावरची झटपट, म्हणून तरुणाला रस्ता जवळचा वाटतो. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरात शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाली, बेळगावात कन्नडिगांचे वीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची झाली, आणि कित्येक तरुणांवर थेट राजद्रोहाचं कलम लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे महाराष्ट्रात कर्नाटकच्या बसेसना काळं फासलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात भाषेवरून बस कंडक्टरला मारहाण झाल्याचं प्रकरण घडलं आणि दोन्ही राज्यांमधली एसटी काही दिवस बंद पडली. कंडक्टर, ड्रायव्हर, लॉरीवाला. मार खाणारा प्रत्येक वेळी पोटासाठी बाहेर पडलेला माणूसच असतो.

दुसरी हिंसा ‘स्टेटस’ची. ७ जून २०२३ ला कोल्हापूर पेटलं ते मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून, आणि ते ठेवल्याबद्दल पकडलेल्यांत काही अल्पवयीन होते. त्याच वर्षी १० सप्टेंबरला साताऱ्याच्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हल्ला झाला, त्यात एका तरुणाचा जीव गेला. निपाणीहून कोल्हापूर तासाभराच्या वाटेवर आहे आणि स्टेटसला तर तेवढाही वेळ लागत नाही.

तिसरी गल्लीची. दोन मंडळांतली खुन्नस, फलक फाडल्याचा राग, कबड्डीच्या मैदानातलं भांडण, तलवारीने केक कापून काढलेली रील. हिला विचार नसतो, असते ती इज्जत. सगळ्यांत जास्त पोरं याच वाटेने पहिल्यांदा पोलीस ठाणं बघतात.

चौथी प्रेमाची आणि ‘घरच्या अब्रूची’. तिच्याविषयी पुढे सविस्तर बोलू, कारण समाजाची सगळ्यांत कडक परीक्षा तिथेच होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी १५ ते २९ या वयात पावणेदोन ते दोन लाखांच्या आसपास माणसं खुनाला बळी पडतात, आणि त्यांत बहुसंख्य पुरुष असतात. आपल्याकडे पिस्तुलं कमी, म्हणून खून कमी. पण एका दगडाने पोराचं काय होतं ते पाहायचं तर बेळगावच्या कोर्टाच्या आवारात एखाद्या सोमवारी जाऊन उभं राहावं. पदवी हातात असलेली, नोकरीसाठी पोलिसांचा दाखला न मिळणारी, दर तारखेला रजा टाकून येणारी तिशीची माणसं तिथे भेटतात. ज्यांनी त्यांना त्या दिवशी चेतवलं, ते तारखेला बरोबर आलेले मी फारसे पाहिले नाहीत.

दंडुक्याची मर्यादा

पोलिसांकडे साधनं आहेत: जमावबंदी, चांगल्या वर्तणुकीचे बाँड, रावडी शीट म्हणजे गुंड म्हणून नोंद, तडीपारी. दंगल पेटल्यावर त्यांची गरज असतेच. पण रावडी शीट उघडलं की पोराच्या नावाला एक पदवी चिकटते. सण आला की त्याला ठाण्यात बसवून ठेवतात आणि गल्लीत त्याचा भाव वाढतो. हल्ली महाराष्ट्रात संशयितांची भर रस्त्यातून धिंड काढायची रीत पडली आहे. बघणाऱ्यांना बरं वाटतं. पण धाक दाखवून पोरं सुधारतात का, हे अमेरिकेत तपासून झालं आहे. पोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दमदाटी करायचा कार्यक्रम तिथे अनेक वर्षं चालला. अभ्यासकांनी त्यात गेलेल्या आणि न गेलेल्या पोरांची तुलना केली, तेव्हा गेलेल्यांकडून पुढे जास्त गुन्हे झालेले दिसले. भीती उतरते, अपमान मात्र टिकतो.

म्हणून नजर समाजाकडे वळते. समाजाने हे काम कधी केलं आहे का? केलं आहे, आणि आपल्या भाषेच्या मुलखातच केलं आहे.

भिवंडीचा धडा

भिवंडी १९७० मध्ये पेटली, १९८४ मध्ये पुन्हा पेटली. यंत्रमागांचं हे शहर दंगलीचं दुसरं नाव झालं होतं. १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढारी आणि प्रतिष्ठित बाजूला ठेवून त्यांनी साधी माणसं घेतली, दोन्ही धर्मांची. समितीसमोर यायचे ते रोजचे तंटे: नळावरचं भांडण, गटाराचं पाणी, पोरांची मारामारी, भाडेकरूची कटकट. पोलीस शिपाई त्यांत बसायचा आणि त्याचीही ओळख व्हायची. १९९२-९३ ला मुंबई जळत होती तेव्हा जवळचीच भिवंडी शांत राहिली. अफवा तिथेही आल्या, पण अफवा आल्यावर कुणाच्या दारात जायचं हे प्रत्येक गल्लीला माहीत होतं.

त्या दंगलींनंतर मुंबईत ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू झाली. तिने पोरांना मैदानात आणलं. शांततेसाठी क्रिकेटच्या सामन्यांत वस्तीतले तरुण आणि पोलीस एकत्र खेळले. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल उभा केला. मुंबईतच पौगंडातल्या मुलांच्या क्रिकेट प्रशिक्षकांना तयार करून मुलींशी आणि बायकांशी कसं वागायचं हे त्यांच्या तोंडून मुलांपर्यंत पोचवणारा ‘परिवर्तन’ हा उपक्रमही चालला. त्यामागचा विचार अगदी साधा आहे. बापाचं न ऐकणारं पोरगं कोचचं ऐकतं.

१५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या झाल्या, बांधावरची आणि भाऊबंदकीची भांडणं कोर्टाबाहेर मिटली, गावांना बक्षिसं मिळाली. पण बक्षीस मिळाल्यावर बऱ्याच ठिकाणी समिती वेशीवरच्या फलकापुरती उरली. मोहिमेला शेवट असतो आणि भांडणाला नसतो, हे तिथे दिसलं.

आपल्या शेजारचं उदाहरण कुरुंदवाडचं. तिथे गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले की मशिदीत गणपती बसतो. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीतही १९८० पासून मशिदीत गणपती आहे. २००९ मध्ये जवळच मिरजेत कमानीवरच्या चित्रावरून दंगल उसळली आणि सांगली-इचलकरंजीपर्यंत पसरली, तेव्हा या परंपरेची खरी किंमत कळली. जिथे सण एकमेकांत गुंतलेले असतात, तिथे भडकवणाऱ्याला आधी ती वीण उसवावी लागते.

बेळगावही यात मागे नाही. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबर या एकाच दिवशी आले. मुस्लिम समाजाच्या पुढाऱ्यांनी आपण होऊन जुलूस पुढे ढकलला. हुकूम नव्हता, कलम नव्हतं. टिळकांनी १९०५ च्या सुमारास झेंडा चौकात सुरू केलेल्या बेळगावच्या सार्वजनिक गणेशोत्सवाला या शहाणपणाने एक मानाची जागा मिळवून दिली, असं मी मानतो.

परदेशातून काय कळतं

दूरच्या काही शहरांनी हाच प्रश्न अभ्यास करून हाताळला. त्यातलं आपल्या उपयोगाचं तेवढंच सांगतो.

बोस्टनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला २४ वर्षांपर्यंतचे सरासरी ४४ तरुण दर वर्षी मारले जात. अभ्यासकांनी नकाशा मांडला तेव्हा दिसलं की सगळं शहर हिंसक नव्हतं, मूठभर टोळ्यांतली मूठभर पोरं होती. १९९६ पासून पोलीस, धर्मगुरू आणि समाजकार्यकर्ते त्या पोरांसमोर एकत्र बसले. म्हणाले, तुम्ही जिवंत राहावं अशी आमची इच्छा आहे, काम-शिक्षणासाठी हे नंबर घ्या, पण पुढची गोळी सुटली तर सगळ्या टोळीवर कारवाई होईल. तरुणांचे खून ६३ टक्क्यांनी घटले. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोने २००५ नंतर सुऱ्यांच्या हिंसेकडे रोगासारखं पाहिलं. तिथल्या बैठकांमध्ये जखमी मुलाची आई टोळीतल्या पोरांसमोर उभी राहून बोलली. तिचं बोलणं ऐकताना सराईत पोरांच्याही माना खाली गेल्या.

शिकागोत साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी २००० मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. ज्यांनी स्वतः टोळीत दिवस काढले होते अशाच माणसांना त्यांनी पगारावर नेमलं. सूडाची भाषा कानावर आली की त्यांनी जायचं आणि पोराला त्या रात्रीपुरतं अडवायचं. काही वस्त्यांत याने खून कमी झाले, काही ठिकाणी फरक पडला नाही. जिथे माणूस खरोखर वस्तीतला होता आणि पगार अखंड चालू होता, तिथे काम जास्त टिकलं.

शिकागोच्याच शाळांतला मुलांसाठीचा एक उपक्रम मला फार आवडतो. दोन मुलांची जोडी करतात. एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो मिळव. ओढाओढी होते, बोटं पिरगाळली जातात, मुलं खाली लोळतात. मग शिक्षक विचारतात, ‘‘चेंडू दे, असं कुणी मागून पाहिलं का?’’ बहुतेकांना ते सुचलेलंच नसतं. या उपक्रमाच्या काळात मुलांना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. लायबेरियाच्या मन्रोव्हियात ९९९ गुन्हेगार तरुणांवर असाच प्रयोग झाला. काहींना आठ आठवडे राग आवरण्याचं शिक्षण, काहींना २०० डॉलर, काहींना दोन्ही. पैसा एकटा विरला, शिक्षणाचा परिणामही हळूहळू ओसरला. दोन्ही मिळालेल्यांत मात्र दहा वर्षांनीही हिंसा बरीच कमी होती.

भारतातल्या शहरांविषयीचा सर्वांत मोलाचा अभ्यास आशुतोष वार्ष्णेय यांचा, २००२ चा. कालिकत शांत आणि अलीगढ अशांत का, असं शहरांच्या जोड्या लावून त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं ते हे: जिथे व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, क्लब यांत दोन्ही धर्मांचे लोक एकत्र असतात, तिथे अफवा विझते. नुसतं शेजारी राहणं, सणाला शिरखुर्मा देणं पुरत नाही. संस्था सामाईक असावी लागते.

हे वाक्य वाचलं तेव्हा मला निपाणी आठवली.

तंबाखूच्या भावाला भाषा नव्हती

मार्च १९८१ मध्ये निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर हजारो तंबाखू उत्पादक शेतकरी ठाण मांडून बसले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी होते, निपाणीचे सुभाष जोशी होते. बैलगाड्या, चुली, बायकापोरं, सगळं रस्त्यावर. तीन आठवड्यांहून अधिक काळ हे चाललं. त्या जमावात कन्नड बोलणारा शेतकरी होता, मराठी बोलणारा होता, लिंगायत, मराठा, जैन, मुस्लिम होते. सीमालढ्याच्या ऐन मुलखात एवढी तरुण मंडळी एवढे दिवस रस्त्यावर बसली आणि भाषेवरून फळी फुटली नाही. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी गेले. संयम शेतकऱ्यांचा होता, रक्तही त्यांचंच सांडलं.

त्याच सुमारास तंबाखूच्या वखारींतल्या बायका संघटित झाल्या. दिवसभर धुळीत खोकत काम, तुटपुंजी मजुरी, वर मुकादमाची अरेरावी. दीपा धनराज आणि युगांतर गटाने त्यांच्यावर १९८२ मध्ये माहितीपटही केला. कामगार संघाच्या सभेत आई मुठी वळून बोलते, हे बघत जी पोरं वाढली, त्यांना न मारता लढता येतं हे वेगळं शिकवावं लागलं नाही. १९२५ मध्ये याच निपाणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृतांची परिषद भरली होती. गावाला संघटनेची सवय जुनी आहे.

आज तंबाखूचं ते राज्य ओसरलं. पोरं कागलच्या, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटावर जातात. संघटना नाही, सुपरवायझर दर सहा महिन्यांनी बदलतो, शेजारच्या मशीनवरच्या पोराचं आडनाव माहीत नसतं. कामावर मिळणारी ओळख गेली आणि तिची जागा गल्लीतल्या मंडळाने, मोबाइलवरच्या ग्रुपने घेतली. ही दोन्ही एका जातीची, एका भाषेची, एका धर्माची असतात. माझ्या मते सीमाभागातल्या आजच्या हिंसेचं खरं मूळ इथे आहे. आपल्या संस्था मेलेल्या नाहीत. त्या एकेका बाजूच्या झाल्या आहेत.

तरी शिल्लक पुष्कळ आहे. निपाणीच्या दर्ग्याचा उरूस घ्या. संत बाबा महाराज चव्हाणांशी त्याची परंपरा जोडलेली आहे आणि हिंदू घराण्यांचा मान तिथे अजून चालतो. निपाणीला खेटून असलेलं देवचंद कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात आहे. गाव एका राज्यात, कॉलेज दुसऱ्या राज्यात, आणि पोरं रोज सीमा ओलांडून एका बाकावर बसतात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा इथली ग्रामीण साहित्य संमेलनं गावकरी वर्गणी काढून, घराघरांतून भाकऱ्या गोळा करून भरवतात. मांडव घालणारी, पाहुण्यांना वाढणारी सगळी तरुण पोरं असतात.

आणि आहे तालीम. जत्रेच्या फडात हलगी कडाडते, तांबड्या मातीत दावणगेरी-धारवाडकडचा पैलवान कोल्हापूरच्या पैलवानाशी भिडतो, आणि चितपट झाल्यावर उठून त्याच्याच खांद्यावर हात ठेवतो. गर्दी दोन्ही भाषांत ओरडते. गल्लीतलं उनाड पोरगं वस्तादासमोर मान वर करत नाही. विसर्जनाच्या एका रात्री मी हे बघितलं आहे. चौकात दोन मंडळं समोरासमोर आली, आधी कुणी सरकायचं यावरून शिव्या सुरू झाल्या, एका पोराने टिपरू उगारलं. पोलीस बॅरिकेडपाशी होते. इतक्यात साठीतला एक वस्ताद गर्दीत शिरला, पोराचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाला, ‘‘चल घराकडं. आई वाट बघालीय.’’ पोरगं क्षणभर ताठ राहिलं, मग त्याचा हात सैल झाला. वस्तादाने ते टिपरू काढून आपल्या काखेत घातलं आणि पोराच्या खांद्यावर हात टाकून त्याला चौकाबाहेर नेलं. शिकागोत यासाठी पगारी माणूस नेमावा लागला. आपल्याकडे तो आहे, पण म्हातारा होत चालला आहे आणि त्याच्या मागे कुणी तयार होत नाही.

कोल्हापूरचा फुटबॉल मात्र सावध करतो. तिथे पेठेपेठेच्या तालमींचे संघ आहेत, प्रेम अफाट आहे, अनिकेत जाधवसारखा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळलेला खेळाडू त्या मातीतून आला. तरीही शाहू स्टेडियमवर समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवायची वेळ वारंवार आली. खेळ आपोआप सलोखा आणत नाही. संघ पेठेवार असतील तर खेळही पेठेचंच भांडण पुढे नेतो. मुंबईच्या मोहल्ला क्रिकेटने संघातच सरमिसळ केली होती. फरक तिथे पडतो.

समाजही चुकतो

समाजाच्या हाती सोपवा म्हणताना आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या होसा वंटमुरी गावात एक तरुण जोडपं पळून गेलं, म्हणून मुलीच्या नातेवाइकांनी मुलाच्या आईला मध्यरात्री घरातून ओढून काढलं, विवस्त्र करून फिरवलं, खांबाला बांधून मारलं. गाव जागं होतं, माणसं बघत होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने बघ्यांना फटकारलं, आणि इंग्रज गव्हर्नर-जनरल बेंटिंकच्या काळात गावावर बसवल्या जाणाऱ्या ‘पुंडकंदाय’ या सामूहिक दंडाची आठवण दिली. मदतीला धावलेल्या एका माणसाचं न्यायालयाने कौतुकही केलं. तो दुसऱ्या धर्माचा होता.

त्या रात्रीही ‘समाज’ हजरच होता. भावकी, शेजारी, सगळे. म्हणून पंच कमिटीत कोण बसतं हा प्रश्न टाळता येत नाही. जिथे बाई नाही, दलित नाही, दुसऱ्या धर्माचा माणूस नाही आणि पंचविशीच्या आतलं कुणी नाही, ती कमिटी शांतता राखते म्हणजे बहुतेक वेळा बलवानाची सोय राखते. मुलगा-मुलगी बरोबर दिसली म्हणून अडवणारी, मारणारी टोळकी स्वतःला समाजरक्षकच म्हणवतात. पुरुषांनीच पुरुषांच्या या वागण्यावर काम करावं म्हणून १९९३ पासून हरीश सदाणी आणि ‘मावा’ या संस्थेचे कार्यकर्ते महाविद्यालयांतल्या तरुणांशी बोलत आले आहेत. सीमाभागाला या कामाची नितांत गरज आहे, कारण इथे मुलीच्या नावाने उचललेला दगड लगेच भाषेचा किंवा धर्माचा होतो.

मग काय करायचं

आढाव्यातून चार गोष्टी पक्क्या दिसतात. थोडी पोरं बरीचशी हिंसा करतात, आणि ती कोण हे गल्लीला माहीत असतं. त्यांना अडवू शकणारा माणूस ओळखीचा आणि आतला लागतो. राग आवरण्याचं शिक्षण आणि हातात थोडा पैसा ही जोडी लागते, एकट्याचा परिणाम टिकत नाही. आणि संस्था सामाईक नसेल तर बाकी सगळं सणापुरतं ठरतं.

यावरून आपल्यासाठी मी हे सुचवेन. शांतता समिती महिन्यातून एकदा बसावी, ठाण्याऐवजी वाचनालयात किंवा शाळेत, आणि तिच्यासमोर नळाची, पार्किंगची, पोरांच्या मारामारीची भांडणं यावीत. भिवंडीने हेच केलं. अर्ध्या खुर्च्या पंचविशीच्या आतल्यांसाठी, निम्म्या बायकांसाठी राखाव्यात. प्रत्येक प्रभागात वस्तादासारख्या दोन-तीन माणसांना, एक मराठी बोलणारा, एक कन्नड, एक उर्दू, मानधन देऊन वर्षभर नेमावं. मंडळं डॉल्बीवर एका रात्रीत उडवतात त्यातला थोडा भाग वळवला तरी हे परवडतं. ज्याने पूर्वी केस भोगली आणि आज धडपणे संसार करतो, त्याला पोरांसमोर बोलायला उभं करावं. त्याच्याइतकं वजन कुठल्याच साहेबाच्या भाषणाला येणार नाही. मुलांची नावं कोर्टाच्या तारखांत अडकून नोकऱ्या जातात तिथे वकिलांनी एकत्र येऊन किरकोळ खटले निकाली काढायला मदत करावी, कारण मागचा खटला मिटल्याशिवाय पोरगं पुढे बघत नाही.

यात कुणी आपली मागणी सोडावी असं मी म्हणत नाही. मराठी शाळा, मराठी परिपत्रकं, मराठी फलक हा हक्काचा प्रश्न आहे आणि तो लढलाच पाहिजे. १९८१ च्या निपाणीने दाखवलं की मागणी तीव्र असूनही हात आवरता येतो. कंडक्टरला मारून एकही मराठी शाळा वाचलेली नाही.

एक गोष्ट मात्र लगेच करता येईल. बेळगावात पारंपरिक शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला असते आणि तिच्या चित्ररथांची मिरवणूक सगळ्या सीमाभागाचा अभिमान आहे. दुसऱ्याच दिवशी तृतीयेला बसव जयंती येते. दोन्ही दिवसांसाठी स्वयंसेवकांची तुकडी एकच असावी. मराठी पोरांनी बसवण्णांच्या मिरवणुकीत दोर धरावा, कन्नड पोरांनी चित्ररथांपुढे. हे स्वप्नरंजन नाही. शहाजीराजांची समाधी कन्नड मुलखात दावणगेरीकडे होदिगेरेला आहे, आणि संगोळ्ळी रायण्णांची समाधी आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, मराठी बोलणाऱ्या गावात. दोन्हीकडे दिवा लावणारे हात आहेत. २०२१ च्या डिसेंबरात ज्या दोन वीरांच्या पुतळ्यांवरून पोरांची डोकी भडकली, त्यांतल्या एकाची समाधी आणि दुसऱ्याच्या वडिलांची समाधी परक्या म्हटल्या जाणाऱ्या भाषेच्या ओटीत इतकी वर्षं सुखरूप आहेत. हे पोरांना कुणी सांगितलं नसेल तर तो दोष पोरांचा नाही.

पुढच्या वैशाखाला अजून वेळ आहे. पहिली बैठक या महिन्यात घ्यावी, आणि चौकात गाडीवर बसलेल्या त्या पोराला वस्तादाने स्वतः जाऊन बोलवावं.